धुऊन टाकलेला थर : म्यूसिन संशोधनाची गोष्ट

मराठीत एकाच पदार्थाला किती शब्द आहेत पाहा. नाकातून वाहिला तर शेंबूड. खोकून थुंकला तर बेडका. छातीत साचला तर कफ. शौचाबरोबर पडला तर आव. पाठ्यपुस्तक मात्र या सगळ्याला ‘म्यूकस’ असं एकच नाव देऊन मोकळं होतं. गंमत म्हणजे रेणूंच्या पातळीवर पाहिलं तर आपली घरगुती मराठी फारशी चुकलेली नाही. श्वासमार्गातल्या म्यूकसचा सांगाडा प्रामुख्याने मक५बी आणि मक५एसी या दोन प्रथिनांचा असतो, तर मोठ्या आतड्यातल्या म्यूकसचा सांगाडा मक२ या तिसऱ्याच प्रथिनाचा. ही तिन्ही एकाच कुटुंबातली, पण वेगवेगळ्या जनुकांवरून बनणारी. या कुटुंबाचं नाव म्यूसिन. ‘मक’ हे त्याचंच लघुरूप.

आता या विषयावरचा कुठलाही अलीकडचा रिव्ह्यू पेपर उघडा. पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास सापडेल : मोठ्या आतड्यात म्यूकसचे दोन थर असतात, बाहेरच्या थरात जिवाणू राहतात आणि आतला थर जिवाणूमुक्त असतो. वाक्य इतकं सरावाचं झालंय की ते कायमच माहीत होतं असं वाटतं. पण ते ज्या प्रयोगावर उभं आहे तो छापून आला २००८ मध्ये. आतड्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तर एकोणिसाव्या शतकापासून पाहिले जात होते. म्यूकस बनवणाऱ्या पेशींना ‘चषक पेशी’ हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ शुल्झ यांनी दिलं ते १८६७ मध्ये. म्हणजे पेशीला नाव मिळाल्यापासून तिने बनवलेल्या थराचं काम नीट दिसेपर्यंत जवळपास १४० वर्षं गेली.

का? लोकांनी पाहिलं नाही म्हणून नाही. रोज पाहत होते. आजच्या लेखात मला हेच मांडायचंय : म्यूसिनचा इतिहास हा बऱ्याच अंशी पद्धतींनी काय धुऊन टाकलं याचा इतिहास आहे. तुम्ही पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहीत असाल, तर ‘रिसर्च गॅप’ हा शब्द तुमच्या कानावर सतत पडत असणार. गॅप म्हणजे जिथे कुणी गेलं नाही ती जागा, असं आपल्याला सांगितलं जातं. म्यूसिनची गोष्ट गॅपचा दुसरा प्रकार दाखवते. तिथे सगळे गेले होते, पण जाताना प्रत्येकाने काहीतरी पुसून टाकलं होतं.

आधी रेणू समजून घेऊ

बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मधली तार म्हणजे प्रथिनाची साखळी. चहूबाजूंनी उभे राहिलेले केस म्हणजे साखरेच्या छोट्या साखळ्या. म्यूसिनचा मधला मोठा भाग असाच दिसतो. या भागात थ्रिओनिन, सेरिन आणि प्रोलिन ही अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात. थ्रिओनिन आणि सेरिनवर साखर चिकटते. किती चिकटते? म्यूसिनच्या वजनाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग साखर असू शकतो. म्हणजे आपण ज्याला प्रथिन म्हणतोय ते वजनाने बघितलं तर मुख्यतः कर्बोदक आहे.

साखर पाणी धरून ठेवते, म्हणून म्यूकस बुळबुळीत आणि ओला. तारेच्या दोन्ही टोकांना सिस्टीनयुक्त भाग असतात. ते शेजारच्या रेणूंशी डायसल्फाइड बंध जोडतात आणि त्यातून लांबच लांब बहुवारिक, म्हणजे पॉलिमर तयार होतात. म्हणून म्यूकस नुसता चिकट द्रव नसून जेल आहे.

आता संशोधकाच्या बाजूने विचार करा. हा रेणू प्रचंड मोठा आहे. नेहमीच्या प्रोटीन जेलवर तो विहिरीच्या तोंडाशीच अडकून बसतो. प्रथिन रंगवणारा नेहमीचा रंग त्याला नीट लागत नाही, कारण प्रथिन साखरेखाली झाकलेलं. साखळ्या प्रत्येक रेणूवर थोड्या वेगळ्या, त्यामुळे एकसारखा शुद्ध नमुनाही मिळत नाही. जीवरसायनशास्त्राची सगळी नेहमीची हत्यारं इथे बोथट होतात. बहुतेक प्रयोगशाळांत म्यूकस म्हणजे नमुन्यातला अडथळा, आधी काढून टाकायची घाण. पेशी पाहायच्या तर म्यूकस धुवा, डीएनए काढायचा तर म्यूकस धुवा, जिवाणू मोजायचे तर म्यूकस पातळ करा.

साखर हवी होती, प्रथिन नको होतं

म्यूसिनवरचं पहिलं मोठं काम झालं ते म्यूसिन समजून घेण्यासाठी नाहीच. प्रश्न रक्तगटाचा होता. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए, बी, ओ रक्तगट शोधले. पण ‘ए’ म्हणजे रासायनिकदृष्ट्या नेमकं काय, हे पुढची अनेक वर्षं कळत नव्हतं. लाल पेशींच्या आवरणातून हा पदार्थ पुरेसा निघत नव्हता, आणि निघाला तरी पाण्यात विरघळत नव्हता.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी आडवाट धरली. सुमारे ८० टक्के लोकांच्या लाळेत आणि इतर स्रावांत त्यांच्या रक्तगटाचे पदार्थ विरघळलेल्या रूपात असतात. आणि ते असतात म्यूसिनवर! अंडाशयाच्या काही गाठींत म्यूसिनने भरलेला द्रव मोठ्या प्रमाणात साचतो. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या अशा गाठींचा द्रव त्यांनी वापरला. दुसऱ्यांचा कचरा हा यांचा कच्चा माल झाला.

१९५२ मध्ये त्यांनी दाखवलं की ईल माशाच्या रक्तद्रवातलं, ओ गटाच्या पेशींना चिकटवणारं प्रतिद्रव्य एल-फ्यूकोज या साध्या साखरेने निष्प्रभ होतं. म्हणजे ‘एच’ नावाच्या खुणेचा गाभा म्हणजे ही एक साखर. प्रथिन नव्हे.

आणि त्याच वर्षी आपल्या मुंबईचा धागा या गोष्टीला येऊन मिळतो. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत अशा व्यक्ती सापडल्या ज्यांच्या लाल पेशींवर ए नव्हतं, बी नव्हतं आणि ओ गटात असायला हवं ते एचसुद्धा नव्हतं. हाच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. १९५२ च्या ‘लॅन्सेट’मधल्या त्या छोट्या लेखाची लेखकांची यादी वाचण्यासारखी आहे : भेंडे, देशपांडे, भाटिया, मग ब्रिटनमधले सँगर आणि रेस, आणि शेवटी मॉर्गन आणि वॉटकिन्स. म्यूसिनच्या साखरेवर काम करणारे दोघे त्या यादीत का आहेत, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. बॉम्बे गटाच्या व्यक्तींमुळे एक तर्क पक्का होत गेला : आधी एच बनतं, आणि त्यावर आणखी एक साखर लागून ए किंवा बी बनतं. पाया नसेल तर वरचा मजला चढत नाही. ए आणि बीची जनुकं असूनही ती व्यक्ती चाचणीत ओसारखी दिसते, पण ओ गटाचं रक्त तिला चालत नाही, कारण त्या रक्तावरचं एचसुद्धा तिच्या शरीराला परकं असतं.

हे काम अफाट होतं. पण त्याची दुसरी बाजूही पाहा. साखर वाचण्यासाठी प्रथिनाचा कणा विचारात घ्यायची गरज नव्हती. म्यूसिन हे साखर टांगायचं हॅंगर होतं, बस्स. हॅंगर कसं आहे, किती लांब आहे, किती प्रकारचं आहे, हे प्रश्न तसेच राहिले.

पवनचक्की की दोरा?

सत्तरच्या दशकात प्रश्न बदलला. म्यूकस जेल का बनतो? इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एड्रियन ॲलन यांचा गट डुकराच्या जठरातलं म्यूसिन शुद्ध करत होता. डायसल्फाइड बंध तोडले की मोठा रेणू छोट्या तुकड्यांत विभागतो आणि जेल बनण्याचा गुण जातो, हे त्यांनी दाखवलं. हे निरीक्षण आजही टिकून आहे. त्यावरून त्यांनी एक प्रतिमा मांडली : चार तुकडे एका मधल्या प्रथिनाला जोडलेले, पवनचक्कीच्या चार पात्यांसारखे. हे चित्र पुढे पाठ्यपुस्तकांत पोहोचलं.

ऐंशीच्या दशकात स्वीडनमधल्या लुंडचे इंगेमार कार्लस्टेट आणि इंग्लंडमधले जॉन शीहान यांनी काढणीची पद्धतच बदलली. म्यूकस गोळा होताक्षणी त्यात ग्वानिडीन क्लोराइडचं तीव्र द्रावण आणि प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना, म्हणजे प्रोटिएजना, थांबवणारी रसायनं. ढवळणं अगदी हलक्या हाताने. कारण जठर असो की आतडं, म्यूकसमध्ये प्रोटिएज असतातच, आणि नमुना काढल्यावरही ती आपलं काम चालू ठेवतात. अशा काळजीने काढलेलं म्यूसिन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तेव्हा दिसले ते लांब, लवचिक दोरे. पवनचक्की कुठेच नव्हती.

इथे घाईने ‘जुने चुकले, नवे जिंकले’ असा निष्कर्ष काढू नका. दोन्ही गटांनी आपापल्या बाटलीत जे होतं ते प्रामाणिकपणे मोजलं. फरक बाटली भरण्याआधीच्या काही मिनिटांचा होता. आणि ॲलन यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

नावांत गाडलेला इतिहास

पुढची पायरी जनुकांची. प्रथिन हातात नीट येत नसेल तर त्याचं जनुक शोधावं. पण जनुक शोधायला प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी लागतात, आणि म्यूसिनवर बनवलेल्या अँटिबॉडी बहुतेक वेळा साखरच ओळखतात. यावर उपाय काय? आता साखर काढून टाकायची! सॅन फ्रान्सिस्कोच्या किम यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्कपेशींतलं म्यूसिन घेतलं, रसायनाने त्यावरची साखर उतरवली, उघड्या पडलेल्या कण्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या आणि त्या वापरून जनुकाचा तुकडा शोधला. हे १९८९ चं काम. तेच मक२.

त्यात जे दिसलं ते बघून चक्रावायला होतं. २३ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा, सुमारे शंभर वेळा. त्या २३ पैकी १४ थ्रिओनिन. साखर टांगायला जागाच जागा. पुनरावृत्तीची संख्या माणसामाणसांत कमी-जास्त. तुम्ही बायोइन्फॉर्मॅटिक्स करत असाल तर पुढचा त्रास लगेच कळेल : छोट्या रीड्स वापरून जीनोम जुळवताना असे भाग बेमालूम आकसतात किंवा मोकळेच राहतात. एकाच भिंतीवरच्या शंभर सारख्या विटांतली सत्तावन्नावी कुठली, हे एका विटेचा फोटो पाहून कसं सांगणार? म्हणून म्यूसिन जनुकांचे मधले भाग संदर्भ जीनोममध्ये बराच काळ अर्धवट राहिले, आणि लांब रीड्सचं तंत्र आल्यावरच ते नीट भरता येऊ लागले.

नावांकडेही बघा. मक१, मक२, मक३ हे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले. त्यांचा कामाशी संबंध नाही. मक१ पेशीच्या आवरणात रोवलेलं असतं आणि जेल बनवत नाही. मक२ जेल बनवतं. शेजारचे आकडे आहेत म्हणून दोघं जवळचे नातेवाईक समजू नका. आणि मक५एसी? फ्रान्समधल्या लील इथल्या गटाला श्वासमार्गाच्या नमुन्यातून तुकडे मिळाले, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं पडली. पुढे कळलं की ए आणि सी हे एकाच जनुकाचे दोन तुकडे आहेत, बी वेगळं. म्हणून मक५एसी आणि मक५बी. एका मोठ्या जनुकाचे तुकडे सुटे सुटे हातात आले, ही सगळी हकिगत त्या ‘एसी’ अक्षरांत शिल्लक आहे.

फॉर्मॅलिनच्या बाटलीत काय गेलं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आतड्यातला थर दिसला का नाही?

ऊतक टिकवायला जगभरच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत फॉर्मॅलिन वापरतात. स्वस्त, सोपं, पेशींचा आकार सुरेख ठेवणारं. ऊतक टिकवण्यासाठी त्याचा उपयोग १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम यांनी सुचवला. पण फॉर्मॅलिन हे पाण्यातलं द्रावण आहे, आणि म्यूकसचा थर बहुतांशी पाणीच. फॉर्मॅलिनमध्ये आणि त्यानंतरच्या धुण्यात हा थर कोसळतो, निघून जातो. पेशी छान उरतात. स्लाइडवर पेशींच्या वर दिसते ती पांढरी, रिकामी जागा. विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी ती रिकामी जागा ‘आतड्याची पोकळी’ म्हणून वहीत काढली.

पाणी नसलेलं एक द्रावण मात्र उपलब्ध होतं. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक आम्ल यांचं मिश्रण, कार्नॉय फिक्सेटिव्ह. बेल्जियन जीवशास्त्रज्ञ कार्नॉय यांनी ते दिलं १८८७ मध्ये. वर्षं नीट पाहा : उपाय फॉर्मॅलिनपेक्षा सहा वर्षांनी जुना आहे! गुणसूत्रं पाहणाऱ्यांच्या शेल्फवर तो कायम होता. आतड्यासाठी तो घ्यावा असं बहुतेकांना वाटलं नाही, कारण फॉर्मॅलिनची स्लाइड पाहून काही हरवलंय अशी शंकाच येत नव्हती. वाईट प्रयोग आपल्याला सावध तरी करतो. सुबक दिसणारी स्लाइड शंका घ्यायला जागाच ठेवत नाही.

शंका आली ती दुसऱ्या दिशेने. स्वीडनमधल्या उप्साला इथे शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कापच घेतले नाहीत. भूल दिलेल्या जिवंत उंदरांच्या आतड्यावर अगदी बारीक काचेची नळी टेकवून म्यूकसची जाडी थेट मोजली. २००१ मध्ये त्यांनी छापलं की मोठ्या आतड्यात हा थर सर्वांत जाड, सुमारे ८३० मायक्रोमीटर, असतो. वरचा भाग हलकेच ओढून काढता येतो, खालचा पेशींना घट्ट धरून बसतो. म्हणजे दोन थर. या पेपरच्या लेखकांत एक नाव आहे एड्रियन ॲलन. पवनचक्कीचं चित्र मागे पडलं, पण म्यूकसला जेल म्हणून गंभीरपणे घेणारा माणूस तीस वर्षं त्याच प्रश्नावर टिकून होता.

मग २००८. गोथेनबर्गच्या गुन्नर हॅन्सन यांच्या गटातल्या मालिन योहान्सन आणि सहकाऱ्यांनी उंदराचं आतडं आतल्या विष्ठेसकट, न धुता, कार्नॉयमध्ये टाकलं. एका रंगाने मक२, दुसऱ्याने जिवाणूंचा आरएनए. चित्रात पेशी, त्यावर मक२ चा दाट पट्टा, त्यात जिवाणू एकही नाही, आणि त्याच्या बाहेर मक२ चाच सैल थर, जिवाणूंनी गच्च. ज्या उंदरांत मक२ चं जनुक काढून टाकलं होतं त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना भिडलेले, खोल ग्रंथींत घुसलेले. असे उंदीर सूज आणि पुढे आतड्याच्या गाठी घेऊन जगतात, हे २००२ ते २००६ या काळात इतर गटांनी दाखवलं होतंच. आता कारण दिसलं.

एक गोष्ट मला फार आवडते. आतला थर बाहेरचा होतो तो प्रोटिएजनी मक२ ठरावीक जागी कापल्यामुळे. कापलं की जाळी फुगते आणि जिवाणूंना जागा होते. ज्या तुटण्याला कार्लस्टेट आणि शीहान नमुन्यातला दोष मानून थांबवत होते, तेच तुटणं आतडं स्वतः हेतूने वापरतं. एका प्रयोगातला दोष दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरला.

याचा माणसाशी संबंध काय? अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांत, आजार जोरात असताना, आतल्या थरात जिवाणू शिरलेले आढळतात. आव पडतेय म्हणून जी व्यक्ती डॉक्टरकडे जाते, तिच्या बाबतीत हा थर म्हणजे केवळ पेपरमधली आकृती नसते.

श्वासमार्ग : मीठ सापडलं आणि म्यूकस मागे पडला

फुप्फुसाची गोष्ट थोडी वेगळ्या वळणाने जाते. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या डोरोथी अँडरसन यांनी लहान मुलांच्या शवविच्छेदनांच्या आधारे सिस्टिक फायब्रोसिसचं सविस्तर वर्णन केलं. चाळीसच्या दशकात या आजाराला ‘म्यूकोव्हिसिडोसिस’ असंही नाव मिळालं. म्हणजे घट्ट म्यूकसचा आजार. तेव्हा म्यूकस अगदी शीर्षकातच होता.

मग १९५३ मध्ये दी सांत’आन्येसे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या मुलांच्या घामात मीठ जास्त असतं. १९८३ मध्ये पॉल क्विंटन यांनी घामाच्या नलिका क्लोराइडला वाट देत नाहीत हे दाखवलं. १९८९ मध्ये जनुक सापडलं, सीएफटीआर, आणि ते क्लोराइडचं दार निघालं. भव्य काम. पण क्लोराइड मोजायला सोपा, म्यूकस मोजायला अवघड. त्यामुळे पाणी आणि मीठ यांचं गणित पुढे गेलं आणि ‘म्यूकस घट्ट का होतो’ याचं उत्तर ‘पाणी कमी पडतं म्हणून’ एवढ्यावर बराच काळ थांबलं.

२००८ मध्ये त्याच क्विंटन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वेगळा मुद्दा मांडला. क्विंटन यांना स्वतःलाच हा आजार आहे, हे त्यांनी कधी लपवलं नाही. मुद्दा असा : सीएफटीआरमधून बायकार्बोनेटही बाहेर पडतो, आणि म्यूसिनला त्याचीच गरज असावी. पेशीत म्यूसिन कॅल्शियमच्या मदतीने घडी घालून ठेवलेलं असतं. बाहेर पडताना ते शेकडो पट फुगतं. फुगायला कॅल्शियम दूर व्हायला हवा, आणि बायकार्बोनेट तो दूर करतो. नाहीतर घडी अर्धवट उघडते आणि म्यूकस पेशीला चिकटून राहतो. २०१२ मध्ये गोथेनबर्गच्या गटाने सीएफटीआर बिघडलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात हेच पाहिलं. म्यूकस घट्ट, चिकटलेला. स्रवताना भरपूर बायकार्बोनेट दिलं की तो जवळपास नेहमीसारखा झाला. फुप्फुसाच्या प्रश्नाला आतड्याने वाट दाखवली.

श्वासमार्गाच्या म्यूसिनचा उलगडा आणखी नंतरचा. दम्यात, ब्रॉंकायटिसमध्ये म्यूकस वाढतो, म्हणून म्यूकस म्हणजे शत्रू अशी एक सर्वसाधारण समजूत होती. २०१४ मध्ये ‘नेचर’मधल्या एका पेपरने उंदरांतून एकेक म्यूसिन काढून बघितलं. मक५एसी नसलेल्या उंदरांची रोजची सफाई चालू राहिली. मक५बी नसलेल्या उंदरांच्या श्वासमार्गात मात्र कण आणि जिवाणू साचले, संसर्ग झाले, उंदीर दगावले. म्हणजे रोजचा झाडूवाला मक५बी. पण हेच मक५बी जास्त झालं तर? २०११ मध्ये कळलं होतं की ते वाढवणारा जनुकातला एक बदल फुप्फुसं कडक होण्याच्या एका गंभीर आजाराचा, म्हणजे इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिसचा, धोका बराच वाढवतो. कमी झालं तरी संकट, जास्त झालं तरी संकट. ‘कफ पातळ करा’ एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, तो यामुळे.

यातून तुम्ही काय घ्यायचं

हा सगळा इतिहास मी तारखा पाठ करायला सांगितलेला नाही. प्रत्येक टप्प्यावर एकच नमुना दिसतो. साखर वाचायची होती तेव्हा कणा दुर्लक्षिला गेला. कणा वाचायचा होता तेव्हा साखर उतरवली. रचना पाहताना प्रोटिएजनी दोरे तोडले. पेशी पाहताना फॉर्मॅलिनने थर नेला. आयन मोजताना म्यूकस मागे राहिला. यातली एकही पद्धत फालतू नव्हती. प्रत्येकीने काहीतरी खरं दिलं आणि त्याची किंमत म्हणून काहीतरी घेतलं. अडचण तेव्हा झाली, जेव्हा घेतलेल्या भागाची नोंद कुणी ठेवली नाही आणि रिकाम्या जागेला ‘इथे काही नसतं’ असं समजलं गेलं.

म्हणून पेपर वाचताना ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ शेवटी वाचायची सवय मोडा. आकृती बघायच्या आधी तो भाग वाचा आणि समासात लिहा : नमुना कशाने धुतला, कशात ठेवला, किती वेळ, काय गाळून टाकलं. मायक्रोबायोमचा पेपर असेल तर विष्ठेचा नमुना आहे की आतड्याच्या भिंतीचा, ते पाहा. ऑर्गनॉइडचा असेल तर त्यावर म्यूकस आहे का, की पेशी मोकळ्या आहेत, ते पाहा. प्रोटिऑमिक्स असेल तर ट्रिप्सिनने साखरेने झाकलेला भाग कापला जातो का, ते विचारा. म्यूसिनचा मधला भाग ट्रिप्सिनला दाद देत नाही, त्यामुळे यादीत म्यूसिन खाली दिसलं म्हणून नमुन्यात ते कमी होतं असं होत नाही.

आणि सिनॉप्सिस लिहिताना एक साधा तक्ता करा. डाव्या रकान्यात तुमच्या प्रयोगाची प्रत्येक पायरी. उजव्या रकान्यात ‘या पायरीत काय जातं’. उजवा रकाना रिकामा राहिला तर पायरी निर्दोष आहे असं समजू नका, तिथे अजून विचार बाकी आहे. मुलाखतीत समिती ‘हीच पद्धत का?’ असं विचारते तेव्हा ‘सगळे हीच वापरतात’ हे उत्तर फॉर्मॅलिनच्या बाजूनेही शंभर वर्षं देता आलं असतं. उजवा रकाना भरलेला असेल तर तुमच्याकडे त्याहून बरं काही असेल.

म्यूसिनमध्ये अजून पुष्कळ काम पडलंय. मक२ ची टोकं एकमेकांना नेमकी कशी जोडली जातात, जाळी सपाट पत्र्यांची की दोऱ्यांची, यावर गेल्या काही वर्षांत क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीमुळे जुनी चित्रं पुन्हा तपासली जात आहेत. एकेका रेणूवरच्या साखरेचा पूर्ण नकाशा तर अजून खूप लांब आहे. या क्षेत्रात यायचं असेल तर ग्लायकोबायोलॉजीची भीती काढा आणि नमुना न धुता हाताळायला शिका. आणि तुमचा विषय अगदी वेगळा असला तरी, तुमच्या लॅबमध्ये रोज सिंकमध्ये काय ओतलं जातं, ते एकदा नीट बघून घ्या.